मुंग्यांचा घरगुती उपद्रव व नियंत्रण

मुंग्या हे कीटक वर्गाच्या हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलाचे कीटक होत. मधमाश्या व गांधीलमाश्या यांचा समावेश याच गणात होतो. जगात मुंग्यांच्या १४,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीनुसार भारतात १०० प्रजातींतील ८२८ जाती व उपजाती आढळतात. यांपैकी बहुसंख्य जाती रानात, शेतात किंवा झाडांवर राहतात व त्यांचा माणसाशी फारसा संबंध येत नाही. मोजक्या जाती मात्र मानवी वस्तीच्या आश्रयाने वाढल्या आहेत. प्रस्तुत नोंदीत घरात उपद्रव देणाऱ्या मुंग्या, त्यांच्या उपद्रवाची कारणे व नियंत्रणाचे उपाय यांची माहिती दिली असून उदाहरणे प्रामुख्याने सातारा व सांगली जिल्ह्यांतील आहेत.

वाळवीला काही ठिकाणी ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. परंतु वाळवी ही मुंगी नव्हे. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती झुरळांना जवळची आहे. मुंगीची कंबर अत्यंत बारीक व शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीला बारीक कंबर नसते व तिच्या शृंगिका सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. नागपंचमीला पूजिली जाणारी मातीची उंच वारुळेही मूळची वाळवीचीच असतात. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळा (जि. सांगली) परिसरात वा अन्यत्र दिसणाऱ्या वारुळांत मुंग्या, उंदीर वा साप मागाहून शिरतात. हा भेद ध्यानात घेणे व्यवहारतः महत्त्वाचे आहे, कारण वाळवी लाकूड व कागद खाते, तर मुंगी खाद्यपदार्थांकडे येते. त्यामुळे दोहोंवरील उपाय वेगळे आहेत.

वसाहत व जीवनक्रम : मुंग्या समूहाने राहतात. वसाहतीत एक किंवा अनेक राण्या, असंख्य पंखहीन कामकरी माद्या आणि ठराविक काळी निर्माण होणारे पंखयुक्त नर व राण्या असतात. स्वयंपाकघरात रांगेने फिरताना दिसतात त्या सर्व कामकरी माद्या होत. अंडी, अळी, कोश व प्रौढ या चार अवस्थांतून मुंगीचा विकास होतो. फेरो मुंगीमध्ये अंड्यापासून प्रौढ कामकरी होण्यास उबदार व दमट हवेत सु. ३८ दिवस लागतात. कामकरी मुंग्यांचे आयुष्य काही आठवडे ते काही महिने असते; राणीचे पुष्कळ अधिक असू शकते. यूरोपातील काळ्या बाग-मुंगीची एक राणी बंदिस्त अवस्थेत २८ वर्षांहून अधिक काळ जगल्याची नोंद आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की रांगेतील मुंग्या मारल्याने वसाहत नष्ट होत नाही. अन्न शोधण्यास बाहेर पडणाऱ्या मुंग्या हा वसाहतीचा लहानसा भाग असतो व त्यांची भरपाई राणी लवकरच करते.

पावसाळ्याच्या सुरुवातीस पहिल्या सरीनंतर पंखयुक्त नर व राण्या घरट्यातून उडतात. मीलनानंतर नर मरतात, राणी आपले पंख गाळून जमिनीत शिरते व नवी वसाहत सुरू करते. ‘मुंगीला पंख फुटणे’ हा मराठीतील वाक्प्रचार विनाशकाळ जवळ आल्याचे सुचवितो. नरांच्या बाबतीत तो खरा आहे. यशस्वी राणीच्या बाबतीत मात्र पंख फुटणे हा नव्या वसाहतीचा आरंभ असतो.

प्रौढ मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाहीत. ती द्रव शोषून घेते व घन कण घरट्यात नेऊन अळ्यांना देते. पोटातील एका पिशवीत साठविलेला द्रव ती तोंडाने इतर मुंग्यांना, अळ्यांना व राणीला भरविते. कामकरी मुंग्यांना मुख्यतः शर्करायुक्त पदार्थ लागतात, तर अळ्यांच्या वाढीसाठी व राणीच्या अंडी घालण्यासाठी प्रथिने आवश्यक असतात. म्हणूनच एकच वसाहत एखाद्या आठवड्यात गुळावर येते आणि दुसऱ्या आठवड्यात मेलेल्या झुरळावर किंवा तळणीच्या तेलावर. अन्नाची ही वाटणी आमिषाद्वारे नियंत्रण करण्याच्या पद्धतीचा पाया आहे.

अन्न सापडलेली मुंगी परतताना उदराचे टोक जमिनीला टेकवीत गंधद्रव्याचा माग सोडते. त्या मागावरून इतर मुंग्या येतात व अन्न मिळाल्यास त्याही माग दृढ करतात. अन्न संपले की माग सोडणे थांबते व बाष्पनशील द्रव्य उडून जाऊन वाट मोडते. ओल्या फडक्याने रांग पुसल्यावर मुंग्या काही वेळ सैरभैर होतात, त्याचे कारण हेच आहे.

प्रमुख घरगुती जाती : (१) डोंगळा किंवा मुंगळा (कँपोनोटस कॉम्प्रेसस) हा मोठा व काळा असून मोठे कामकरी सु. १.५ सेंमी. पर्यंत लांब असतात. त्याचे घरटे बहुधा झाडाच्या बुंध्याशी वा जोत्यालगत जमिनीत असते. त्याला नांगी नसते. तो जंभांनी चावतो व जखमेवर फॉर्मिक अम्ल सोडतो. (२) फेरो मुंगी (मोनोमोरियम फॅराओनिस) पिवळसर, सु. २ मिमी. लांबीची असते. एका वसाहतीत अनेक राण्या असतात व भिंतीच्या भेगा, विजेच्या फलकांमागील पोकळ्या अशा उबदार जागी ती राहते. (३) विध्वंसक मुंगी (ट्रायकोमर्मेक्स डिस्ट्रक्टर) या जातीचे वर्णन टी. सी. जर्डन यांनी १८५१ मध्ये केले. ती खाद्यपदार्थांखेरीज कापड, रबर व विजेच्या तारांवरील आवरणही कुरतडते. (४) काळ्या डोक्याची मुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम) जेमतेम १.५ मिमी. लांब असते, तिचे डोके गडद व उदर फिकट असल्याने पांढऱ्या फरशीवर ती चटकन दिसत नाही. गोड पदार्थ व ओल तिला प्रिय असते. (५) लांब शृंगिकांची धावरी मुंगी (पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस) काळसर असून वेडीवाकडी, अतिशय वेगाने धावते. (६) लाल मुंगी (सोलेनोप्सिस जेमिनाटा) मूळची उष्ण कटिबंधी अमेरिकेतील असून तिचा दंश आग करणारा असतो. अंगणात, बांधावर व जोत्याजवळ तिची मातीची घरटी दिसतात. (७) फायडोली प्रजातीतील मुंग्यांत मोठ्या डोक्याचे ‘सैनिक’ असतात. त्या बिया व मेलेले कीटक गोळा करतात.

भारतातील मुंग्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्यात मुंबई इलाख्यातील निरीक्षकांचा मोठा वाटा आहे. वनाधिकारी आर. सी. राउटन यांचा मुंग्यांवरील लेख १८९२ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सी. टी. बिंगॅम यांनी १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत मुंग्यांचा खंड लिहिला.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : या दोन जिल्ह्यांत हवामानाचा फरक मोठा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,५०० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या पूर्वेकडील तालुक्यांत तो ५०० मिमी. च्या आसपास असतो. पश्चिमेकडे व कृष्णाकाठी जमिनीतील घरट्यांत पाणी शिरले, की मुंग्या अंडी-अळ्यांसह उंच व कोरड्या जागी, म्हणजे पुष्कळदा घराच्या भिंतींत, स्थलांतर करतात. पूर्वेकडील कोरड्या भागात उन्हाळ्यात त्या पाण्याच्या शोधात मोरी, माठ व रांजण यांच्याकडे येतात. दगड-मातीच्या जुन्या घरांत भिंतींचे सांधे त्यांना आश्रय देतात. सिमेंटच्या घरांत ते काम फरशीखालील पोकळी, चौकटीच्या फटी व विजेच्या नळ्या करतात. घर बदलले तरी उपद्रव टिकून राहिला आहे, तो या कारणाने.

ऊस, गूळ, हळद, द्राक्षे, बेदाणे व भुईमूग ही या भागाची प्रमुख उत्पादने होत. साताऱ्याचे कंदी पेढे, गुळाच्या ढेपा व शेंगदाण्याचे कूट घरोघरी असते. मुंग्यांना लागणारी शर्करा, स्निग्ध पदार्थ व प्रथिने अशी तिन्ही प्रकारची खाद्ये येथील स्वयंपाकघरात एकत्र मिळतात.

घराबाहेरही मुंग्यांचा आर्थिक उपद्रव आहे. द्राक्षबागांत पिठ्या ढेकूण (मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस) ही किडी रस शोषते व गोड स्राव टाकते. त्या स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या शत्रुकीटकांना हुसकावून लावतात. पिठ्या ढेकणांच्या नियंत्रणासाठी ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी हा भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणण्यात आला. बागेत मुंग्या मोकळ्या असल्या, तर या भुंगेऱ्याचे काम अवघड होते. म्हणून तासगाव, मिरज, पलूस इ. भागांतील बागायतदारांना खोडालगतची मुंग्यांची घरटी प्रथम नष्ट करणे हिताचे ठरते. उसावरील गुलाबी पिठ्या ढेकूण व मुंग्या यांचे नातेही असेच आहे. महाबळेश्वर परिसर मधमाश्यापालनासाठी प्रसिद्ध असून तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मध व अळ्या यांसाठी मुंग्या मधपेटीत शिरल्यास दुर्बल झालेल्या मधमाश्या पेटी सोडून जातात. यास्तव मधपेटीच्या घोडीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत आहे.

उपद्रवाचे स्वरूप : खाद्यपदार्थांची नासाडी हा उपद्रवाचा नेहमीचा प्रकार होय. मुंगी मोरी, केरकचरा व मृत कीटक यांवरून अन्नावर येत असल्याने तिच्या पायांबरोबर सूक्ष्मजंतू येऊ शकतात. इंग्लंडमधील रुग्णालयांत फेरो मुंग्यांच्या अंगावर रोगकारक जंतू आढळल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. या मुंग्या जखमेच्या पट्ट्यांखाली व निर्जंतुक सामग्रीच्या वेष्टनांतही शिरतात. लाल मुंगीच्या दंशाने आग होते व पुळी येते. क्वचित एखाद्या व्यक्तीस दंशाची तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) असते. दंशानंतर अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावा लागतो. तान्ह्या मुलांच्या तोंडाभोवती व अंथरुणावर दुधाचे डाग राहिल्यास मुंग्या तेथे येतात, म्हणून तान्ह्या मुलांचे अंथरूण स्वच्छ व भिंतीपासून दूर ठेवावे.

पारंपरिक उपाय : कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे, दूध-दुभते शिंक्यावर टांगणे, डब्याभोवती हळद वा राख पसरणे आणि मुंग्या लागलेली साखर उन्हात ठेवणे हे उपाय महाराष्ट्रात पूर्वापार चालत आले आहेत. पाण्याचा अडथळा उपयुक्त असला, तरी तो अभेद्य नाही. डब्ल्यू. एच. साइक्स या अधिकाऱ्याने पुणे येथे केलेले निरीक्षण १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले. ओसरीवरील मिठाईच्या मेजाचे पाय त्याने पाण्याच्या भांड्यांत ठेवले व मेज भिंतीपासून सु. एक इंच दूर सरकविले. काही दिवसांनी मुंग्या पाणी ओलांडून येऊ लागल्या. पायांना टर्पेंटाइन लावल्यावर त्या थांबल्या. परंतु पुन्हा मिठाईवर दिसू लागल्या. पाहता असे आढळले, की त्या भिंतीवर मेजापेक्षा सु. एक फूट उंच चढत व तेथून स्वतःला खाली मिठाईवर पडू देत. या निरीक्षणाचा बोध आजही उपयोगी आहे : पाण्याची वाटी रुंद असावी, पाणी रोज बदलावे म्हणजे त्यावर धुळीची साय धरत नाही व डासांची पैदास होत नाही, आणि कपाट भिंतीपासून पुरेसे दूर असावे. पाण्यात साबणाचे थोडे द्रावण घातल्यास पृष्ठताण कमी होऊन मुंग्या तरंगू शकत नाहीत.

हळदीची कोरडी पूड ओलांडण्यास मुंग्या कचरतात व तिच्यातील बाष्पनशील तेलाचा वास काही कीटकांना प्रतिकूल असतो. तथापि पुडीला ओल लागली की परिणाम संपतो आणि मुंग्या दुसरी वाट शोधतात. हे उपाय मुंग्यांना दूर ठेवतात. वसाहत कमी करीत नाहीत. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे बंद केल्यावर आत हवा खेळत नाही व किडींचा शिरकाव होत नाही. घट्ट बंद साठवण हेच तत्त्व घरातील डब्यांनाही लागू पडते.

प्रतिबंध : मुंग्यांच्या नियंत्रणात प्रतिबंधाला पहिले स्थान आहे. गूळ, साखर, पेढे व शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत व डब्याची बाहेरील बाजू पुसून घ्यावी. रात्री खरकटी भांडी, ओटा व केराची टोपली उघडी ठेवू नये. मुंग्यांची रांग दिसताच ती मारण्याऐवजी प्रथम तिचा माग काढून शिरण्याची जागा शोधावी. मग रांग साबणाच्या पाण्याने पुसावी व भेग सिमेंट, चुना किंवा लांबीने बुजवावी. गळके नळ दुरुस्त करावेत. घराला टेकणाऱ्या फांद्या व वेली छाटाव्यात, कारण त्या मुंग्यांना पुलासारख्या उपयोगी पडतात. कुंड्यांतील झाडांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण असल्यास तोही घालवावा. जोत्याबाहेरील घरट्यात उकळते पाणी ओतल्याने वसाहत अंशतः नष्ट होते. खोल गेलेली राणी मात्र वाचू शकते.

आमिषे : वसाहत समूळ नष्ट करण्यासाठी मंद परिणामाचे विष अन्नात मिसळून देणे ही सर्वांत परिणामकारक पद्धत आहे. विष मंद असल्यास कामकरी मुंग्या ते घरट्यात नेऊन अळ्यांना व राणीला भरवितात. तीव्र असल्यास त्या वाटेतच मरतात. बोरिक अम्लाचे सु. १ टक्का द्रावण यासाठी योग्य आहे. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅ. साखर व १० ग्रॅ. बोरिक अम्ल विरघळवून त्यात कापसाचा बोळा भिजवावा व तो झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत घालून रांगेजवळ ठेवावा. बोरिक अम्लाचे प्रमाण वाढविल्यास परिणाम वाढण्याऐवजी घटतो. द्रावण आंबत असल्याने दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. प्रारंभी आमिषावर मुंग्यांची गर्दी वाढते. ते यशाचे लक्षण समजावे व त्या मारू नयेत. या काळात रांग पुसू नये व जवळपास कीटकनाशक फवारू नये. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

मुंग्यांची आवड ओळखण्यासाठी कागदाच्या तीन तुकड्यांवर गुळाचे पाणी, शेंगदाण्याचे तेल व उकडलेल्या अंड्याचा कण ठेवून रात्री पाहावे. ज्यावर गर्दी होईल त्या प्रकारचे आमिष वापरावे. बाजारात मिळणाऱ्या आमिषांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा हायड्रामेथिलनॉन ही द्रव्ये असतात. काहींत कीटकांची वाढ रोखणारी द्रव्ये असतात.

बोरिक अम्ल पोटात गेल्यास मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. साखरेचे द्रावण सरबतासारखेच दिसते, हा त्यातील खरा धोका आहे. ते पिण्याच्या बाटलीत कधीही साठवू नये, डबीवर ‘विष’ असे लिहावे व ती मुले आणि पाळीव प्राणी यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

कीटकनाशके : गेल्या शतकात मुंग्यांवर बी. एच. सी. भुकटी (गॅमेक्झीन) व डीडीटी यांचा घरोघर वापर होत असे. ही द्रव्ये पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात व प्राण्यांच्या चरबीत साठतात. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला, बी. एच. सी.वर १९९७ मध्ये बंदी आली व लिंडेनचा वापर २०१३ पासून थांबविण्यात आला. जुन्या घरांच्या माळ्यावर अशा भुकटीचे डबे आढळल्यास ती वापरू नये, तसेच विहिरीत वा ओढ्यात टाकू नये.

हल्ली सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन या संश्लेषित पायरेथ्रॉइड द्रव्यांचे खडू व फवारे प्रचारात आहेत. त्यांनी संपर्कात आलेल्या मुंग्या लवकर मरतात. परंतु घरट्यावर परिणाम होत नाही. फेरो मुंगीच्या बाबतीत फवारा अपायकारकच ठरतो. त्रास झालेली वसाहत फुटते व वेगवेगळ्या राण्यांसह निरनिराळ्या खोल्यांत नव्या वसाहती स्थापन होतात. म्हणून रुग्णालये व सदनिकांच्या इमारतींत फवारणीऐवजी संपूर्ण इमारतीत एकाच वेळी आमिषे ठेवावी लागतात. विषारी खडू लिहिण्याच्या खडूसारखाच दिसत असल्याने तो मुलांच्या हाती पडू देऊ नये. ओटा, पोळपाट, पिठाचे डबे व पाण्याच्या भांड्यांच्या जागी रेघा ओढू नयेत. रेघ ओढल्यावर हात साबणाने धुवावेत. कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये वेष्टनावर विषारीपणाची पातळी दर्शविणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असणे आवश्यक आहे. वेष्टन नसलेले सुटे विष खरेदी करू नये. विष पोटात गेल्याचा संशय आल्यास रुग्णाला वेष्टनासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उपयुक्तता : मुंग्या सर्वस्वी उपद्रवी नाहीत. त्या वाळवी, माश्यांच्या अळ्या व पिकांवरील अनेक किडी खातात, मेलेले प्राणी नाहीसे करतात व जमीन भुसभुशीत करून तीत हवा खेळती ठेवतात. मुंग्यांना साखर वा पीठ घालण्याची धार्मिक प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांत आहे; असे अन्न घरापासून दूर, झाडाखाली घातल्यास श्रद्धा व स्वच्छता या दोहोंचे पालन होते. नियंत्रणाचा हेतू मुंग्यांचा समूळ उच्छेद हा नसून त्यांना घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवणे हा असावा. त्यासाठी स्वच्छता, फटी बुजविणे व गरजेपुरते आमिष हा क्रम पाळल्यास स्वयंपाकघरात विष पसरण्याची वेळ सहसा येत नाही.

पहा : कीटकनाशके, कीटक नियंत्रण, मधमाशी, मुंगी, वाळवी, हायमेनॉप्टेरा.